लांबी भरली, रंग दिला, भेग पुन्हा हजर

वरच्या मजल्यावरच्या खोलीत, छताच्या दोन बोटं खाली, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक आडवी रेघ. घराचा ताबा घेऊन आठ महिने झाले तेव्हा ती पहिल्यांदा दिसली. रंगारी आला, पत्र्याने खरवडलं, लांबी म्हणजे पुट्टी भरली, पॉलिश पेपर मारला, रंगाचा हात दिला. दोन महिन्यांनी रेघ जागच्या जागी. दुसऱ्या खेपेला बिल्डरच्या माणसाने पांढरं सिमेंट भरलं. तीन आठवडे टिकलं. तिसऱ्या खेपेला ‘भारीतला’ क्रॅक फिलर आणला. तोही फाटला, आणि या वेळी भेगेच्या दोन्ही कडांना पापुद्रे सुटले ते वेगळंच.

चौथ्यांदा भरण्याआधी जे केलं ते खरं तर पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. भेगेला हात न लावता आठवडाभर तिच्याकडे नुसतं बघत राहिलो. पहाटे सहाला तिच्यात कागदाचा एक पदर जेमतेम शिरायचा. संध्याकाळी पाचला त्याच जागी दोन पदर सहज जात होते. म्हणजे भेग रोज उघडत होती आणि रोज मिटत होती. हलणाऱ्या जागेत आम्ही तीन वेळा दगडासारखं कडक होणारं काहीतरी भरलं होतं.

नव्या घरात भेग भरूनही परत येत असेल तर बहुतेक वेळा दोष भरणाऱ्या मालाचा नसतो. भेग कशामुळे पडली हे न बघता ती भरली जाते, तिथे सगळं चुकतं. म्हणून हे लिखाण आधी भेग बघण्याबद्दल आहे आणि मग भरण्याबद्दल.

हिशोब साधा आहे

काँक्रीट तापलं की वाढतं. साधारण दर मीटरला, दर अंश सेल्सिअसला, मिलिमीटरचा शंभरावा भाग. ऐकायला काहीच नाही. पण गच्चीचा १० मीटर लांब स्लॅब रात्रीपेक्षा दुपारी २० अंशांनी जास्त तापला, तर तो जवळपास २ मिलिमीटर लांब होतो. शिवाय वरचा पृष्ठभाग खालच्यापेक्षा जास्त तापतो म्हणून तो किंचित कमान टाकतो. खालची विटांची भिंत सावलीत असते, आणि वीट मुळातच काँक्रीटच्या साधारण निम्म्यानेच प्रसरण पावते. वरचा भाऊ हलतो, खालचा हलत नाही, आणि दोघांवर मिळून एकच गिलावा चढवलेला. तो सांध्यावर फाटणारच. सर्वांत वरच्या मजल्यावर छताखालची आडवी भेग इतकी सर्रास दिसते ती यामुळे. खालच्या मजल्यांवर तेच सांधे असतात, पण तिथे स्लॅबवर ऊन पडत नाही.

आता भरण्याचा हिशोब. समजा भेग ०.२ मिलिमीटरची आहे आणि दिवसभरात आणखी ०.२ मिलिमीटर उघडते. तिच्यात भरलेल्या पदार्थाला आपल्या रुंदीच्या दुप्पट ताणलं जावं लागेल. लांबी सोडा, रबरासारखं महाग सीलंटही एवढं सोसत नाही. पण तीच भेग मुद्दाम कापून १० मिलिमीटर रुंद खाच केली, तर ०.२ मिलिमीटरची हालचाल म्हणजे फक्त २ टक्के. चांगलं पॉलियुरेथेन सीलंट रुंदीच्या २५ टक्क्यांपर्यंत हालचाल सोसतं. म्हणजे हलती भेग टिकाऊपणे भरायची असेल तर ती आधी मोठी करावी लागते. हे रंगाऱ्याला पटत नाही, घरच्यांना तर मुळीच पटत नाही. मलाही कागदावर आकडे मांडेपर्यंत पटलं नव्हतं.

मोजायला काय लागतं

भेग किती रुंद आहे हे नजरेने सांगू नका. काळजीत असलेल्या माणसाला केसाएवढी चीर बोटाएवढी दिसते, आणि बिल्डरला बोटाएवढी केसाएवढी दिसते. घरातल्याच वस्तू मापाला पुरतात. झेरॉक्सचा नेहमीचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. यांत्रिक पेन्सिलीत ०.५ आणि ०.७ मिलिमीटरच्या शिसकांड्या मिळतात. बँकेचं कार्ड ०.७६ मिलिमीटरचं असतं. कागद जात नसेल तर ती केसाएवढी भेग. कागद जातो पण ०.५ ची कांडी जात नाही, तर बारीक. कार्ड आत शिरत असेल तर फोन उचलायची वेळ आली. कार्ड फक्त गिलाव्यात शिरतं की पुढे विटेपर्यंत जातं, हेही बघून ठेवा.

मग भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी खूण करून तारीख लिहायची. भिंतीवर लिहायला जीव होत नाही हे मान्य, पण रंग तसाही द्यायचाच आहे. महिन्याने टोक खुणेच्या पुढे गेलं असेल तर भेग वाढतेय. भेगेच्या अलीकडे-पलीकडे दोन ठिपके काढून त्यांच्यातलं अंतर मोजलं, तर ती रुंदावतेय का ते कळतं. गवंडी लोक काचेची पट्टी दोन्ही बाजूंना सिमेंटने चिकटवून ठेवतात. भिंत हलली की काच तडकते. युक्ती जुनी आणि चांगली आहे, पण काच ‘हललं’ एवढंच सांगते. किती आणि कुठल्या दिशेने ते सांगत नाही. ठिपके सांगतात.

फोटो काढताना शेजारी पट्टी धरा आणि दर वेळी एकाच जागेवरून काढा. नुसत्या भेगेचा जवळून काढलेला फोटो महिन्याने तुम्हालाही ओळखता येत नाही, ही कुठल्या खोलीतली होती म्हणून. त्यामुळे एक फोटो लांबून आणि एक जवळून, असं जोडीने.

किती दिवस बघायचं? जमलं तर ऋतूंचं एक पूर्ण चक्र. कडक ऊन, ओल आणि कोरडी थंडी, तिन्ही भिंतीवरून गेले पाहिजेत. नव्या घरातलं पाणीच वाळायला वेळ घेतं. काँक्रीटची २५ मिलिमीटर जाडी वाळायला ढोबळमानाने एक महिना लागतो, त्यावर गिलावा, लादीखालचा माल, पुट्टी, रंग. हे सगळं पाणी बाहेर पडताना प्रत्येक थर थोडा थोडा आकसतो. पहिल्या वर्षात येणाऱ्या भेगांपैकी बऱ्याचशा या आकसण्याच्याच असतात. गृहप्रवेशाच्या घाईत सहाव्या महिन्यात सगळ्या भेगा भरून पुन्हा रंग काढला, तर दुसऱ्या वर्षी ते सगळं नव्याने करायची तयारी ठेवा.

कुठली भेग काय सांगते

गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखं किंवा नकाशासारखं जाळं उमटलं असेल तर दोष फक्त गिलाव्याचा आहे. सिमेंट जास्त घातलं की गिलावा मजबूत होतो, असा एक समज आहे. उलट सिमेंट जितकं जास्त तितका तो जास्त आकसतो. त्यात वाळू फार बारीक किंवा मातकट असेल, ओल्या गिलाव्यावर थापी घासत राहिले असतील आणि नंतर पाणी मारायला कुणी फिरकलं नसेल, तर जाळं पडणार. गिलाव्याला निदान सात दिवस ओलं ठेवायचं असतं. ‘दोन दिवस मारलं की पाणी’ असं उत्तर मिळालं तर कारण सापडलं समजा. आता बोटाच्या पेराने किंवा नाण्याने टकटक करत भिंतभर फिरा. खणखणीत आवाज आला तर जाळं वरवरचं आहे, निवांत रंगवा. बद्द, पोकळ आवाज आला तर गिलावा भिंतीपासून सुटलाय. तो भाग तोडूनच नवा करावा लागतो, वरून काहीही थापून उपयोग नाही.

कॉलमच्या कडेने सरळ उभी किंवा बीमच्या खालून सरळ आडवी रेघ ही काँक्रीट आणि विटांच्या सांध्याची. पट्टी लावून काढावी इतकी सरळ असते, त्यामुळे लगेच ओळखू येते. यात दोन चुका असतात. एक म्हणजे सांध्यावर गिलाव्याआधी जाळी मारलेली नसते. दुसरी म्हणजे भिंतीचा शेवटचा थर घाईने त्याच दिवशी बीमला भिडवलेला असतो. नवी भिंत स्वतःच्या वजनाने आणि वाळताना थोडी खाली बसते. म्हणून वरची फट काही दिवस तशीच ठेवून मग ती मसाल्याने ठासून भरायची असते. ही भेग धोक्याची नाही, पण बाहेरच्या भिंतीत असेल तर पावसाचं पाणी तिथूनच आत शिरतं. तेव्हा तिला ‘नुसती दिसायला वाईट’ म्हणून सोडू नका.

स्विचबोर्डापासून वर किंवा आडवी जाणारी भेग म्हणजे वायरिंगच्या पाइपासाठी मारलेली झिरी. पाइप पुरेसा खोल बसलेला नसतो किंवा वरचा मसाला घाईत एकाच थरात भरलेला असतो. बोर्डाच्या वरच बरोबर उभी रेघ असेल तर फार विचार करू नका.

हलक्या ब्लॉकच्या लांब भिंतीत मधोमध किंवा ठरावीक अंतरावर उभी भेग येते. हे ब्लॉक पाणी प्यायले की फुगतात आणि वाळले की आकसतात. साइटवर ते उघड्यावर भिजत पडले असतील आणि तसेच ओले लावले असतील, तर भिंत उभी राहिल्यावर ते आकसतात आणि भिंत स्वतःच आपला सांधा शोधते. बांधकाम अजून चालू असेल तर हे आताच सांगा: ब्लॉक झाकून ठेवा, विटांसारखे बुडवून भिजवू नका, लावताना फक्त ओलसर करा.

खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरपी निघणारी भेग जरा विचार करायला लावते. भिंतीत भोक पाडलं की ताण त्याच्या कोपऱ्यांवर गोळा होतो, त्यामुळे केसाएवढी तिरपी भेग बऱ्याच घरांत असते. लिंटेल, म्हणजे खिडकी-दारावरची आडवी तुळई, दोन्ही बाजूंना भिंतीत पुरेशी शिरलेली नसेल तर ही भेग मोठी होते. अशी भेग एकाच खिडकीला असेल तर लिंटेलकडे बघा. एकाखाली एक अशा सगळ्या मजल्यांवरच्या खिडक्यांना, एकाच दिशेने झुकलेली दिसली, तर खिडक्यांकडे बघणं सोडून पायाकडे बघा.

पाया बसतो तेव्हा विटांच्या सांध्यांतून जिन्यासारखी पायऱ्या-पायऱ्यांची भेग जाते. ती कुठे जास्त रुंद आहे यावरून खालची गोष्ट कळते. इमारतीचा मधला भाग खचत असेल तर भिंत खालून फाकते, म्हणजे भेग खाली रुंद आणि वर निमुळती. कडेचा कोपरा खचत असेल तर उलट, वर रुंद आणि खाली निमुळती. नव्या भरावावर बांधलेलं घर, ओल आली की फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी काळी माती, भिंतीला खेटून मोठं झाड, फुटलेली ड्रेनेजची लाइन, ही नेहमीची कारणं. पायऱ्यांची भेग घरात एका बाजूला आणि त्याच जागी बाहेरूनही दिसत असेल, तर ती भिंतीच्या आरपार आहे. ती भरायची नाही, दाखवायची.

रुंदीचा अंदाज म्हणून ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटची वर्गवारी उपयोगी पडते. विटांच्या भिंतीत ०.१ मिलिमीटरच्या आतली केसाएवढी, १ मिलिमीटरपर्यंतची रंगकामात झाकली जाणारी, ५ मिलिमीटरपर्यंतची भरता येण्याजोगी (दारं-खिडक्या थोड्या अडकू शकतात), आणि त्यापुढे भिंत उघडून बघण्याची वेळ. पण हे आकडे भिंतींचे आहेत. बीम, कॉलम आणि स्लॅबला लावायचे नाहीत. आरसीसीत, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटमध्ये, ०.३ मिलिमीटरच्या पुढे गेलं की प्रश्न विचारायला लागायचं. पाणी लागणाऱ्या जागी त्याही आधी.

ज्यांना हात लावायचा नाही

बीमच्या मधोमध, खालच्या बाजूला, केसासारख्या बारीक उभ्या चिरा दिसल्या म्हणून घाबरायचं कारण नाही. काँक्रीट दाबाला पक्कं पण ताणाला कच्चं, दाबाच्या जेमतेम दहाव्या भागाएवढं. ताण घ्यायला सळई आहे, आणि सळईने काम सुरू केलं की काँक्रीटला बारीक चिरा जाणं डिझाइनमध्ये धरलेलंच असतं. पण कॉलमजवळ, बीमच्या टोकाला, तिरपी भेग असेल तर तिथला अर्थ वेगळा. ती कातरबलाची, म्हणजे कात्रीसारखं कापू पाहणाऱ्या जोराची, असू शकते आणि तसं मोडणं फार पूर्वसूचना देत नाही. कॉलमवरची उभी भेग, कॉलमचा कोपरा सुटणं, सळईच्या रेषेत जाणारी आणि तपकिरी डाग असलेली भेग, हेही त्याच रांगेतलं. शेवटचा प्रकार नव्या घरात सहसा नसतो. दिसलाच तर सळईवर काँक्रीटचं आवरण कमी राहिलंय किंवा वाळू-पाण्यातून खारटपणा आलाय, अशी शंका घ्यावी.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती बाल्कनीची, आणि तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. भिंतीतून बाहेर झुलणाऱ्या स्लॅबमध्ये मुख्य सळया वरच्या बाजूला असाव्या लागतात, कारण तिथे ताण वर येतो. आतल्या खोलीच्या स्लॅबमध्ये त्या खाली असतात. काँक्रीट ओतताना माणसं बाल्कनीच्या जाळीवर उभी राहतात, वरच्या सळया पायाखाली दबून खाली जातात, आणि खालून बघणाऱ्याला काहीच कळत नाही. भेग येते ती वरून, भिंतीला लागून, दाराच्या उंबऱ्याला समांतर. त्यावर लादी असल्यामुळे दिसते ती फक्त सांध्यातली फट. तिथली लादी वारंवार सुटत असेल, उंबऱ्याशी फट वाढत असेल किंवा बाल्कनीचं पाणी नाहाणीकडे (पाणी वाहून जायच्या भोकाकडे) न जाता बाहेरच्या कडेला साचायला लागलं असेल, तर तिथल्या कुंड्या, टाक्या आणि वॉशिंग मशीन आजच आत घ्या. बाल्कनी वापरणं बंद करा आणि इंजिनिअरला बोलवा. लादीवाल्याला बोलवू नका. तो बिचारा लादी बसवून जाईल.

काही दिवसांत डोळ्यांदेखत वाढणारी भेग, एकाच आठवड्यात दोन-तीन दारं अडकायला लागणं, खिडकीची काच आपोआप तडकणं, स्लॅबला पोट येणं, भिंतीतून करकर ऐकू येणं, यापैकी काही असेल तर मोजमाप, तारखा, फोटो सगळं नंतर. आधी तो भाग रिकामा करा.

आता भरायचं कसं

थांबलेली भेग आणि हलती भेग, दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि अदलाबदल झाली की काम वाया जातं.

थांबलेली बारीक भेग, म्हणजे सहा-आठ महिने खुणेपुढे न गेलेली, सोपी आहे. पत्र्याच्या कोपऱ्याने ती व्ही आकारात थोडी उघडायची, धूळ ब्रशने पूर्ण काढायची, पाण्याचा हबका मारायचा आणि ॲक्रिलिक फिलर दोन हातांत भरायचा. पहिला हात वाळून थोडा खाली बसतो, म्हणून दुसरा. वरून फायबरची जाळीदार टेप, मग पुट्टी, प्रायमर, रंग. धूळ काढण्याचा कंटाळा करणारा कारागीर ओळखायला सोपा आहे: त्याच्याकडे ब्रशच नसतो.

कॉलम-भिंतीच्या सांध्यावर दोन वाटा आहेत. भेग लपवायची असेल तर सांध्याच्या दोन्ही बाजूंचा साधारण १५० मिलिमीटर गिलावा तोडायचा. फट पॉलिमर घातलेल्या मसाल्याने ठासायची, जाळी दोन्हीकडे नीट ताणून ठोकायची आणि नवा गिलावा करून सात दिवस पाणी मारायचं. जाळी सैल लोंबत असेल तर ती नसल्यासारखीच. दुसरी वाट म्हणजे भेग मान्य करायची आणि तिथे मुद्दाम सरळ खाच ठेवायची. मला दुसरी आवडते. सांधा हलणारच आहे, तर निदान सरळ रेषेत हलू दे.

छताखालच्या हलत्या भेगेला तर खाचेशिवाय इलाजच नाही. मशीनने १० मिलिमीटर रुंद खाच कापायची, फक्त गिलाव्याच्या जाडीची. बीम किंवा स्लॅबच्या काँक्रीटला कटर लागता कामा नये. आत फोमची गोल दोरी दाबून बसवायची, मग सीलंट, रुंदीच्या साधारण निम्म्या खोलीचं. दोरी फक्त जागा भरायला नसते. सीलंट खाचेच्या दोनच बाजूंना चिकटलं पाहिजे. तळालाही चिकटलं तर ते ताणायला मोकळं राहत नाही आणि मधोमध फाटतं. पॉलियुरेथेन घेतलं तर वर रंग बसतो. सिलिकॉनवर रंग धरत नाही, हे बऱ्याच जणांना भरून झाल्यावर कळतं. जोडीला गच्चीचं ऊन कमी करायला हवं, पांढरा परावर्तक लेप किंवा उष्णतारोधक थर. हालचालीचं मूळ तिथे आहे, खोलीत नाही.

एपॉक्सी इंजेक्शन, म्हणजे कडक होणारं चिकट रसायन दाबाने भेगेत भरणं, हा शब्द हल्ली फार ऐकू येतो. ते आरसीसीच्या थांबलेल्या भेगेसाठी चांगलं आहे. एपॉक्सी काँक्रीटपेक्षाही घट्ट धरतं, आणि तिथेच मेख आहे: हलत्या भेगेत भरलं तर ती जागा धरून ठेवते आणि नवी भेग शेजारून निघते. आधी कारण थांबवा, मग भरा.

भेग नसलेले दोष, थोडक्यात

ओल आली की आधी तिचं वेळापत्रक बघा. कायम असेल तर दाबाखालचा नळाचा पाइप. रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहा, सकाळी पुन्हा बघा. फक्त अंघोळीनंतर वाढत असेल तर निचऱ्याचा पाइप, नाहाणीचा सांधा किंवा बाथरूमचं वॉटरप्रूफिंग. नाहाणी बोळ्याने बंद करून २४ तास पाणी साठवा आणि खालच्या छताकडे लक्ष ठेवा. पाऊस पडल्यावरच येत असेल तर बाहेरची भिंत, खिडकीची कड किंवा गच्ची. जमिनीपासून हात-दीड हात वर सगळीकडे सारखी ओल आणि पांढरा क्षार असेल तर ती जोत्यातून चढतेय. शंका असेल तर प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारी बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी सोडा. भिंतीकडच्या बाजूला दवबिंदू असतील तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला असतील तर हवेतली वाफ आहे, खिडकी उघडी ठेवा. ओल्या भिंतीवर वॉटरप्रूफ रंग चोपडणं म्हणजे ओल आत कोंडणं. काही महिन्यांत फोड येतील.

लादी पोकळ वाजते आणि एखाद्या दिवशी दोन लाद्या तंबूसारख्या वर उचलल्या जातात. भिंतीच्या कडेला पसरायला फट ठेवलेली नसते आणि लादीखाली मसाला चार कोपऱ्यांत ढेकळांसारखा टाकलेला असतो, सगळीकडे नाही.

दार अडकलं की सुतार लगेच रंधा मारतो. त्याआधी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा आणि ओळंबा लावा. कर्ण सारखे असतील तर लाकूड फुगलंय, कोरडी हवा आली की बसेल. कर्णांत फरक असेल आणि तो पूर्वी नव्हता, तर भिंत सरकलीय, आणि रंध्याने फक्त पुरावा जाईल.

बिल्डरशी बोलताना

‘नवीन घर आहे, भेगा येणारच’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. ते अर्धं खरं आहे, म्हणून त्यावर भांडू नका. उलट विचारा: कुठल्या भेगा येणारच? जाळं, सांधा, झिरी यांना हो म्हणा आणि त्या भरण्याची तारीख लिहून घ्या. तिरप्या, पायऱ्यांच्या आणि आरसीसीतल्या भेगांसाठी वेगळी यादी करा आणि कारण लेखी मागा. दोन्ही याद्या एकत्र दिल्या की मोठी भेग लहानांच्या गर्दीत भरून जाते, रंगाच्या एका हाताखाली.

फोनवर झालेलं बोलणं त्याच दिवशी संदेशात किंवा पत्रात उतरवून पाठवा. खोली, भिंत, रुंदी, पहिल्यांदा दिसल्याची तारीख, फोटो. करारात दोषदुरुस्तीची मुदत किती आहे आणि ती कुठून मोजायची, हे आज काढून वाचा. मुदत संपायच्या आत लेखी कळवणं हे तुमचं काम. भेग पूर्ण थांबेपर्यंत वाट बघायची म्हणून कळवणंही लांबवलंत तर घोटाळा होतो. कळवा आज, भरा नंतर. ‘तूर्त भरू नका, निरीक्षण चालू आहे’ असं त्याच पत्रात लिहिता येतं.

इंजिनिअर आणायचा तर बिल्डरशी संबंध नसलेला आणि दुरुस्तीचं काम स्वतः न घेणारा आणा. जो तपासतो तोच इंजेक्शनही विकतो, त्याला प्रत्येक भेग इंजेक्शनसारखी दिसते. काँक्रीटवर स्प्रिंगचा श्मिट हॅमर मारून आकडा काढतात, तो पृष्ठभागाचाच अंदाज देतो. आतलं कळायला अल्ट्रासोनिक चाचणी, सळई कुठे आणि किती खोल आहे ते दाखवणारं यंत्र, आणि अगदी गरज पडली तर कोअर, म्हणजे काँक्रीटमधून कापून काढलेला गोल नमुना. अहवालात ‘भेग आढळली’ एवढंच नको. कारण, हलती की थांबलेली, आणि कुठल्या क्रमाने काय करायचं, हे तिन्ही मागून घ्या.

आमच्या वरच्या खोलीत आता छताखाली सरळ खाच आहे आणि गच्ची पांढरी आहे. पाहुणे विचारतात, हे डिझाइन मुद्दाम केलंय का. मी हो म्हणतो. खालच्या खोलीतल्या खिडकीच्या कोपऱ्यातली तिरपी भेग मात्र अजून भरलेली नाही. तिच्या टोकाशी पेन्सिलच्या पाच खुणा आहेत. पहिल्या तीन एकमेकींपुढे सरकत गेल्यात. शेवटच्या दोन, पाच महिन्यांच्या अंतराने काढलेल्या, एकाच जागी पडल्यात. आणखी एक खूण तिथेच पडली की रंगाऱ्याला बोलवणार आहे.